बोल्ट तोडण्याची खात्रीशीर रीत

गाडीचं मागचं डिफरेन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची जुळणी) घरच्या अंगणात बदलायचं ठरवलंयत, अभिनंदन. आता धोका एकच, बोल्ट मुकाट्याने सुटून येण्याचा. तसं झालं तर दुपारच्या जेवणाआधी काम आटपेल आणि गावाला बोलायला काही उरणार नाही. तेव्हा तो जाम कसा होईल आणि जाम झाल्यावर तुटेल कसा, याची तजवीज तुम्हालाच करायला हवी.

तयारी काही वर्षं आधी सुरू होते. पाहुणे आले की गाडी हर्णै-मुरुडच्या पुळणीवर उतरवा. चाकं लाटेत भिजलीच पाहिजेत. मिरकरवाड्याहून बर्फातली मासळी आणताना क्रेटखाली ताडपत्री घालू नका, खारं पाणी हौद्यातून ठिबकत थेट एक्सलवर गेलं पाहिजे. घरी आल्यावर गाडी धुवायचीच तर वरून धुवा. बॉनेट चकाकलं की झालं. खालून गोड्या पाण्याचा फवारा मारणं म्हणजे केल्या मेहनतीवर पाणी. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे एप्रिलच्या उन्हातही आट्यांत गंज चढत राहतो. वर तांबड्या मातीचा लेप बसला की ओल हलतच नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट-बोल्टमधली बारीकशी फट भरून तो तिथे पाचर होऊन बसतो. आणि हे सगळं फुकटात. देशावरच्या लोकांच्या नशिबी हा खारा वारा नाही.

मुहूर्त गणपतीच्या आदल्या दिवसाचा धरा. पाऊस असेल, मुंबईहून माणसं येतील, बाजारातली दुकानं लवकर बंद होतील. गाडी उचलून धरायला लोखंडी घोड्या भाड्याने कशाला आणायच्या? परसात जांभ्याचे चिरे पडलेत की. चिरा घराच्या भिंतीत पिढ्यानपिढ्या टिकतो, मग गाडीखाली का नाही टिकणार? भिंतीत भार चिऱ्यावर सगळीकडून सारखा येतो, एक्सल मात्र त्याला एका जागी टोचतो आणि पावसात भिजलेला सच्छिद्र दगड मधूनच उडतो, हा पुस्तकी मुद्दा झाला. (हे तेवढं खरोखर करू नका. घोड्या आणा, त्या फरशीवर नाहीतर जाड फळीवर ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. उपरोधाला मेलेला वाचक परवडत नाही.)

तेल आधी खालच्या प्लगमधून सोडून मोकळे व्हा. वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो की नाही हे आधी बघणारी माणसं असतात. तो नाही सुटला तर त्यांची गाडी निदान जुन्या तेलावर गॅरेज गाठते. तुमची अंगणातच राहील, रिकाम्या पोटी.

प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना, हँडब्रेक ओढून सैल करता येतात. म्हणूनच तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. आधी चाकं काढा, ड्रम काढा, दोन्हीकडचे एक्सल शाफ्ट ओढून बाहेर घ्या, गिअर न्यूट्रलला असू द्या. आता पिनियनला, म्हणजे शाफ्टने फिरणाऱ्या डिफरेन्शियलमधल्या छोट्या दातेरी चाकाला, धरून ठेवणारं काहीच उरलेलं नाही. पाना ओढलात की बोल्ट जागेवर आणि अख्खा फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) गरागरा. तो थांबवायला क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, पहार अडकवा, म्हणजे क्रॉसची बेअरिंगही बदलायला येतील. फ्लँज आणि शाफ्टवर जुळणीची खूण तर मुळीच करू नका. परत बसवताना जागा बदलली की गाडी थरथरते, आणि ते का, हे शोधण्यात दिवाळीपर्यंत वेळ छान जातो.

आता प्रत्यक्ष बोल्ट. तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे साफ करणं, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून सकाळी परत मारणं, डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके देऊन गंजाची पकड हलवणं, असले प्रकार धीर असलेली माणसं करतात. अशा लोकांचे बोल्ट सुटतात. तुम्ही एकदा फुसकन स्प्रे मारा, चहा घ्या आणि पाना लावा. बोल्टचं डोकं १७ मिलिमीटरचं असेल तर आजोबांच्या पेटीतला ११/१६ इंची पाना काढा. त्याचं माप १७.४६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई. सॉकेटच वापरायचा तर बारा कोनांचा घ्या, कारण सहा कोनांचा डोक्याच्या सपाट बाजू धरतो आणि गंजून झिजलेला बोल्टही त्याला दाद देतो. बारा कोनांचा फक्त कोपरे धरतो; दोनदा सटकला की डोकं सुपारीसारखं गोल.

याच सुमारास पडवीतून काका उतरतील. "अरे झिला, जोर लाव मरे! काय होवचा नाय!" त्यांचं ऐका. दिशेचा फार विचार नको. उताणं झोपून हात डोक्यामागे नेले की डावं-उजवं उलटतं, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं तुम्ही बोल्ट आवळतच असाल.

मग पाइप आणा. पान्याला मीटरभर लांबीचा पाइप चढवून टोकाला ७० किलोचा भाचा लोंबकळला की साधारण ६९० न्यूटन-मीटर जोर लागतो. १२ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट कसायला लागतात ८०-९०. कान मात्र उघडे ठेवा. 'कर्र' आवाज करून बोल्ट जरासा हलला तर तो सुटायला लागलाय. अशा वेळी शहाणा माणूस पाव फेरा सोडतो, थोडा परत आवळतो, तेल सोडतो, पुन्हा सोडवतो, म्हणजे गंजाचा भुगा बाहेर पडतो. तुम्ही ओढत राहा. आणि बोल्ट आवाज न करता, अगदी मऊपणे फिरायला लागला तर टाळी घ्या. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. आणखी पाव फेरा, की डोकं हातात.

कुणी ताप देऊन बघायचं सुचवलं तर बोल्टच्या डोक्याला ताप द्या. नट तापवला तर तो फुगून ढिला होतो: १२ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं की सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं, आणि गंजाची मिठी सोडवायला पुष्कळदा तेवढंच पुरतं. मग गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवली की मेण आपोआप आत ओढलं जातं. बोल्ट तापवला तर तोच फुगतो आणि आणखी घट्ट बसतो, म्हणजे आपल्याला हवं तेच. आधी मारलेला स्प्रे पुसू नका, तो पेट घेतो. एक्सलवरून गेलेल्या ब्रेकच्या नळ्या, पिनियनचं रबरी सील आणि डिझेलची टाकी हाताच्या अंतरावर आहेत, याकडे लक्ष देणारे उगाच ओलं फडकं आणि पाण्याची बादली घेऊन बसतात.

कॅरिअरचा, म्हणजे डिफरेन्शियल एक्सलच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) धरून ठेवणारा, बोल्ट आतच तुटला की मधोमध पंचाने खूण न करता ड्रिल चालवा. ते कडेला सरकून हाउसिंगचे आटे खाईल. भोकात ईझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोका आणि जोराने पिळा. हे हत्यार कडक पोलादाचं आणि ठिसूळ असतं. ते आत तुटलं की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. त्याआधी वेल्डरला बोलावून तुकड्यावर नवा नट जोडला असता तर तापही मिळाला असता आणि पाना लावायला डोकंही, पण मग एक्सल उतरवून आंबा घाटाने कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे न्यायची संधी हुकली असती.

नवं डिफरेन्शियल भंगारातून आणलेलं असेलच. त्याचे दात मोजायचं काम सगळं कसून, तेल भरून झाल्यावर करा. जुन्याचा क्राऊन (पिनियनने फिरणारं मोठं चाक) ३७ आणि पिनियन ९ दातांचा, म्हणजे गुणोत्तर ४.११, आणलेल्याचा ४१ आणि ९, म्हणजे ४.५६. गाडी फोर बाय फोर असेल तर चारही चाकांना ताकद दिली की पुढचं आणि मागचं डिफरेन्शियल एकमेकांशी भांडत राहतील आणि पहिल्याच कोरड्या रस्त्यावर ते ऐकूही येईल. साध्या गाडीत, स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल तर, काटा ८० वर असताना गाडी ७२ ने धावेल आणि डिझेल जास्त पिईल. शेजाऱ्यांना सांगा, घाटात पिकअप सुधारला.