मागची भिंत नसलेला पोलीस बॉक्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

बागेतल्या शेडला लंडनच्या जुन्या पोलीस बॉक्सचे (पोलिसांचा दूरध्वनी असलेल्या, रस्त्याकडेच्या निळ्या खोलीवजा पेटीचे) प्रवेशद्वार कसे केले, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि अभ्यासपूर्ण प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप आपल्याच शब्दांत असा आहे: "हा पोलीस बॉक्स नव्हेच. मालिकेतल्या यंत्राची प्लायवूडमध्ये नक्कल करून तिला इतिहासाचा मुलामा दिलेला आहे, आणि मागची भिंत काढून टाकल्यावर 'पूर्णाकृती प्रतिकृती' हा शब्द तरी कसा टिकतो?" (मालिका म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू', जिच्यातले कालयान अशाच बॉक्सच्या रूपात असते.) याखेरीज पहिला पोलीस बॉक्स लंडनचा हे माझे विधान चुकीचे आहे, एवढे उंच बांधकाम परवानगीविना उभे राहूच शकत नाही, माथ्यावरचा दिवा निव्वळ शोभेचा आहे आणि परक्या पोलिसांचे चिन्ह मराठी माणसाने आपल्या अंगणात उभारणे विचित्र आहे, असेही आपण म्हटले आहे.

चूक माझी आहे तिथून सुरुवात करतो. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या दूरध्वनीच्या पेट्या सर्वप्रथम ग्लासगोमध्ये १८९१ साली उभ्या राहिल्या. त्या ओतीव लोखंडाच्या, षट्कोनी आणि लाल रंगाच्या होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर गॅसचा मोठा कंदील असे. कॉन्स्टेबलला आत बसता येईल अशा बॉक्सवर सगळ्या शहराची गस्त आखण्याची पद्धत सुरू केली ती १९२३ मध्ये संडरलंडचे पोलीसप्रमुख फ्रेडरिक क्रॉली यांनी, आणि १९२५ मध्ये ती न्यूकॅसलला पोहोचली. आज ज्याचे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे येते तो निळा बॉक्स लंडनच्या महानगर पोलिसांचे वास्तुरचनाकार गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी त्यानंतर, म्हणजे १९२९ च्या सुमारास आखला. १९५३ पर्यंत लंडन परिसरात असे ६८५ बॉक्स झाले होते, आणि संख्येने जे सर्वांत ठळक तेच सर्वांत आधीचे, असा समज मी करून घेतला होता. ते वाक्य मी लेखात दुरुस्त केले आहे. जाता जाता सांगतो, ग्लासगोतले बॉक्स १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लालच होते, त्यामुळे निळ्या रंगाची नेमकी छटा कोणती यावर हौशी मंडळी जेव्हा हमरीतुमरीवर येतात, तेव्हा मला थोडी मौज वाटते.

आता मूळ आक्षेप. मालिकेशी असलेला संबंध मी नाकारत नाही. ती नसती तर साताऱ्याहून इंग्लंडला आलेल्या माणसाला पोलीस बॉक्स ही वस्तू ठाऊक होण्याचे कारणच नव्हते. बीबीसीची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली तेव्हा हे बॉक्स लंडनमध्ये चौकाचौकांत होते, आणि म्हणूनच एका कालयानाने दडून बसण्यासाठी ते रूप निवडले, कारण ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशी ती रोजच्या रस्त्यावरची वस्तू होती. अवघ्या सहा वर्षांत, १९६९ मध्ये, गृहखात्याने बॉक्स मोडीत काढायचे ठरवले, कारण कॉन्स्टेबलच्या खांद्याला बिनतारी संच आला होता. परिणाम असा झाला की सोंग तेवढे उरले आणि ज्याचे सोंग घेतले होते ती वस्तू नाहीशी झाली. बीबीसीने १९९६ मध्ये या आकाराच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज केला तेव्हा महानगर पोलिसांनी हरकत घेतली, पण कोणत्याही पोलीस दलाने हे रूप कधी नोंदवलेले नाही आणि तीन दशकांहून अधिक काळ बीबीसी त्यावर आधारित वस्तू विकत असताना पोलिसांनी तक्रार केलेली नाही, असे सांगून पेटंट कार्यालयाने २००२ मध्ये बीबीसीच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल आपण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला आहे. माझ्या मते तो व्यापारापुरता आहे. टी-शर्टवर हे चित्र छापून विकण्याचा हक्क कोणाचा, हे त्याने ठरले. ट्रेंच यांनी कागदावर काय आखले आणि कशासाठी आखले, हे त्या निकालाने बदलत नाही.

अस्सल आणि नक्कल यांमधली रेषा आपण समजता तितकी सरळ नाही, हे मला एका फजितीतून कळले. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी अर्ल्स कोर्ट स्टेशनच्या बाहेर मी एक पोलीस बॉक्स पाहिला, त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला आणि "हा महायुद्धाच्या आधीचा" असे लिहून तो घरी पाठवला. प्रत्यक्षात तो बॉक्स १९९६ साली नव्याने उभारलेला होता, जुन्या धाटणीचा खरा, पण क्लोज्ड सर्किट कॅमेरा असलेला. जो जुन्या मापांशी तंतोतंत जुळत नव्हता, पण ज्यावरून नागरिक पोलिसांना फोन करू शकत होते, त्याला अस्सल म्हणावे की प्रतिकृती? मला तरी वाटते की त्यातला फोन चालू होता तोवर तो अस्सल होता. सन २००० मध्ये तो फोन बंद पडला, आणि माझ्या लेखी तो बॉक्स त्या दिवशी पुतळा झाला.

मी मापे घेतली ती मात्र पडद्यावरून नव्हे. डर्बीशायरमधल्या क्रिचच्या ट्रामवे संग्रहालयात लंडनचा एक मूळ बॉक्स जपून ठेवलेला आहे. तिथे मी दोन रविवार टेप आणि वही घेऊन घालवले (दुसऱ्या रविवारी तिथल्या एका सेवेकऱ्याने मला न मागता चहा आणून दिला, बहुधा कीव येऊन). स्टुडिओतली पेटी सुटी करून हलवता यावी अशी असते, तिची मापे आणि तपशील वेळोवेळी बदलत गेले आणि १९८० मध्ये तर ती फायबरग्लासची झाली. माझ्या बॉक्सचे कोपऱ्यांतले जाडजूड खांब, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारे छप्पर, प्रत्येक बाजूला दोन उभ्या ओळींत वर सहा काचांची खिडकी आणि खाली तीन चौकोन, हे सगळे क्रिचच्या वहीतून आले आहे.

राहिले साहित्य. मूळ बॉक्स काँक्रीटचा होता आणि माझा मरीन प्लायचा आहे, हे खरे. तरीही ट्रेंच यांच्या रचनेचा पहिला नमुना लाकडीच होता, हे आपण लक्षात घ्यावे. काँक्रीट आले ते शेकड्यांनी बॉक्स ओतायचे होते आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकायचे होते म्हणून, आणि दार तेव्हाही लाकडीच राहिले. ज्यांना त्यात बसून डबा खायचा आणि अहवाल लिहायचा होता ते कॉन्स्टेबल त्या काँक्रीटला गार आणि दमट म्हणून नावे ठेवत. माझ्या घराच्या बाजूची बोळ तीन फूट रुंद आहे. तिच्यातून काही टनांची काँक्रीटची पेटी नेण्याचा मार्ग मला सुचला नाही, आणि सुचला असता तरी आतली सर्दी मी हौसेने विकत घेतली नसती.

मागच्या भिंतीविषयी आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार केला, कारण सर्वांत नेमका आघात तिथे आहे. 'पूर्ण' आणि 'पूर्णाकृती' हे दोन शब्द मी लेखात सैलपणे वापरले. माझा बॉक्स पूर्णाकृती आहे, म्हणजे मापाला मूळ बॉक्सइतकाच आहे. तो पूर्ण नाही, हे मान्य. पण मागची बाजू मी सपाट कापून टाकली, हा आपला समज फोटोमुळे झालेला दिसतो. चारही खांब जागच्या जागी आहेत, चौथ्या बाजूची वरची पाटीसुद्धा आहे, आणि ती आता शेडच्या आत, अवजारे टांगण्याच्या खुंट्यांवर उजळते. काढले आहेत ते फक्त त्या बाजूचे चौकोन आणि खिडक्या. दार उघडून साडेचार फुटांच्या चौकोनात पाऊल टाकायचे आणि तिथून पुढे दहा फूट लांब शेडमध्ये जायचे. मालिकेतले यान बाहेरून बॉक्सएवढे पण आतून प्रचंड असते, त्यावरून "आतून मोठा आहे" हा विनोद प्रत्येक पाहुणा करतो आणि प्रत्येकाला तो आपल्याला प्रथमच सुचला असे वाटते, म्हणून मीही दर वेळी हसतो.

ही जोडणी सोपी असती तर मी लेखच लिहिला नसता. पहिल्या हिवाळ्यात मी बॉक्स आणि शेड एकमेकांना स्क्रूंनी घट्ट आवळले होते. शेडच्या देवदारी फळ्या ओलीने फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, बॉक्सचा प्लाय जवळपास हलत नाही, त्यामुळे जानेवारीपर्यंत सांध्यावर भेग पडली आणि पाणी खांबाच्या आतून ओघळून उंबऱ्यात मुरले. आता बॉक्स स्वतःच्या पायांवर स्वतंत्र उभा आहे, दोहोंमध्ये बोटभर फट आहे आणि तिच्यावरून शिशाचा पत्रा वळवून तो फक्त बॉक्सच्या बाजूने ठोकला आहे, म्हणजे शेडने हवे तेवढे हलावे. छपराच्या पायऱ्यांना मी हलका उतार दिला आहे, जो खालून दिसत नाही. वळचणीच्या खालच्या अंगाला बारीक खाच पाडली आहे, त्यामुळे पागोळ्या तिथेच तुटून पडतात आणि भिंतीवरून उतरत नाहीत. प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडा रंगाआधी इपॉक्सीने बंद केल्या आहेत, कारण प्लाय कुजतो तो नेहमी कडेपासून. हे तपशील मूळ बॉक्समध्ये नसतील. त्याबद्दल आपण मला नक्कल बिघडवल्याचा दोष देणार असाल, तर तो मी आनंदाने घेतो.

परवानगीचा मुद्दा आपण ठामपणे मांडला आहे, पण तो इंग्लंडच्या नियमांना धरून नाही. घरामागच्या अशा बांधकामाला ठरावीक मर्यादेत वेगळी प्लॅनिंग परमिशन लागत नाही. वळचण अडीच मीटरच्या वर नसावी, दोन बाजूंना उतरते छप्पर असेल तर एकूण उंची चार मीटर आणि इतर छपरांना तीन मीटर चालते, आणि घराच्या दर्शनी भागापुढे काही येऊ नये. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल तर गोष्ट वेगळी, माझे नाही. खरी मेख पुढेच आहे: बांधकामाचा कोणताही भाग हद्दीपासून दोन मीटरच्या आत असेल, तर संपूर्ण बांधकामाची उंची अडीच मीटरच्या आत हवी. माझा बॉक्स दिव्यासह २.८५ मीटर आहे. दिवा उंचीत धरायचा की नाही, या वादात मी पडलोच नाही. बॉक्स कुंपणापासून लांब होता, पण जुनी शेड कुंपणाला चिकटून होती, आणि दोन्ही जोडल्याबरोबर ते एकच बांधकाम ठरले असते. म्हणून मी शेड फळी-फळी सुटी करून सव्वादोन मीटर अलीकडे आणली. त्यात तीन आठवडे गेले आणि शेजारच्या आजींनी कुंपणावरून रोज प्रगती विचारली. शेडमागे जी पट्टी मोकळी पडली, तिला आपण "वाया घालवलेली जमीन" म्हटले आहे. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मेथी आणि कोथिंबीर होते, आणि या देशात मेथीची जुडी किती पौंडांना पडते हे आपणांस ठाऊक असेलच.

परक्या पोलिसांच्या चिन्हाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पोलीस चौकी असते. हा बॉक्स म्हणजे एका माणसाची चौकीच होती: टेबल, स्टूल, लहानसा हीटर, आणि पकडलेल्या माणसाला गाडी येईपर्यंत कोंडून ठेवण्याची सोय. इंग्रजीत तुरुंगाला बोलीभाषेत 'चोकी' म्हणतात, तो शब्द हिंदुस्थानातूनच इथे आला. त्यामुळे देवाणघेवाण माझ्या शेडपासून सुरू झाली असे नाही. शिवाय बॉक्सच्या दर्शनी बाजूच्या लहान कपाटात जो दूरध्वनी होता तो जनतेसाठी होता आणि फुकट होता. 'ओढून उघडा' ही सूचना त्या कपाटाच्या झडपेची आहे, मोठ्या दाराची नव्हे. माझ्या झडपेमागे फोन नाही, बागेची कात्री आणि किल्ल्या आहेत.

शेवटी दिवा. माथ्यावरचा दिवा शोभेचा असल्याचे आपण म्हटले आहे, तो मात्र अन्याय आहे. मूळ बॉक्सवरचा दिवा ठाण्यातून लुकलुकवत, म्हणजे गस्तीवरच्या कॉन्स्टेबलला दुरून कळे की आपल्याला फोन आहे, बॉक्सकडे गेले पाहिजे. माझ्या दिव्याची वायर जमिनीखालून पोलादी तारांच्या कवचाच्या केबलमधून स्वयंपाकघरात गेली आहे. ते काम आणि त्यासाठीचा नवा सर्किट नोंदणीकृत वायरमनकडून करून घेतला आहे, कारण इथे अशा कामाला नियम आहेत आणि ओल्या बागेत विजेशी खेळण्याइतका मी हौशी नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बटण आहे. रंधा आणि करवतीच्या आवाजात शेडमध्ये हाक ऐकू येत नाही, म्हणून जेवण वाढले की घरातून ते बटण तीनदा दाबले जाते, आणि शेडच्या खिडकीतून निळ्या छपरावर उजेड हललेला दिसला की मी यंत्र बंद करून आत जातो.

आपला,
लेखक