गच्चीवरच्या पांढऱ्या मशरूमला फॉईल गुंडाळणाऱ्यांसाठी

"टॉवरवरचा पांढरा मशरूम म्हणजे जीपीएस ट्रॅकर, नेटवर्कला घड्याळ लागतच नाही, फॉईल गुंडाळा, नेट तरी चालूच राहतं, व्हिडिओ बघा" हा फॉरवर्ड महिनाभर फिरतोय, मी सोडून देत होतो. पण रविवारी आमचे काका, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, काकूचा पोळ्यांचा फॉईल रोल घेऊन गच्चीवर निघाले, मग राहवलं नाही.

ट्रॅकर? अहो तो मशरूम म्हणजे जीपीएसचा अँटेना, तो नुसता ऐकतो. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून वेळ घेतो, पाठवत काहीच नाही. तुम्ही कुठे आहात हे कंपनीला कळतं, हे खरंय, पण ते फोन कुठल्या टॉवरला जोडलाय त्यावरून कळतं, मशरूम असो नसो.

आता तो व्हिडिओ. फॉईल लावला, तासाभराने नेट चालू, टाळ्या! चालणारच, कारण टॉवरच्या पेटीत स्वतःचं घड्याळ असतं, ते काही तास ओढून नेतं आणि मग हळूहळू सरकायला लागतं. आपल्याकडचं ५जी बरंचसं एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून बोलतं आणि ऐकतं, घाटात एकेरी वाहतूक सोडतात ना तसं, दोन्ही टोकांच्या हवालदारांची घड्याळं जुळली नाहीत तर गाड्या समोरासमोर. इथे शेजारच्या दोन टॉवरमध्ये फरक चालतो ३ मायक्रोसेकंद, सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले तीन. त्यापुढे गेलं की आपला टॉवर बोलत असतो तेव्हा शेजारचा ऐकत असतो आणि त्याला आपलाच गोंगाट ऐकू येतो. म्हणजे फॉईल आपल्या गच्चीवर आणि कॉल तुटतो पुढच्या गल्लीतल्या आजींचा, व्हिडिओवाला तोवर घरी जाऊन झोपलेला.

"एवढ्याशा चुकीने काय होतं" म्हणणाऱ्यांनी २६ जानेवारी २०१६ शोधा. जीपीएसचा एक जुना उपग्रह निवृत्त करताना प्रसारित वेळेत १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली, तर जगभर टेलिकॉमच्या यंत्रांनी कित्येक तास बोंब मारली आणि बीबीसीचा डिजिटल रेडिओही अडखळला.

हां, मशरूम नसलेले टॉवरही असतात, हा मुद्दा बरोबर आहे. त्यांना तीच वेळ फायबरमधून येते, घड्याळ लागतंच. आणि ते फोनची वेळ एक मिनिट पुढे केली की स्पीड वाढतो वगैरे, त्याने फार तर बँकेचं ॲप रुसेल.

काका, रोल खाली आणा. काकूने आज डब्यातल्या पोळ्या पेपरात गुंडाळल्यात.