सामूहिक लवाद आणि शुल्काचा बोजा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील सामूहिक लवादावरील (न्यायालयाऐवजी लवादाकडे, म्हणजे खासगी त्रयस्थ पंचाकडे, हजारो लोकांनी एकाच वेळी आपापले स्वतंत्र दावे दाखल करण्यावरील) माझ्या लेखावर आपण घेतलेला आक्षेप असा, की हजारो दावे एकदम दाखल करून दर दाव्यामागे भराव्या लागणाऱ्या निव्वळ शुल्काच्या धाकाने कंपनीला तडजोडीस भाग पाडणे ही वकिलांची खंडणीखोरी आहे आणि कामगार किंवा ग्राहक त्यात केवळ नावापुरता असतो. आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

दाव्यांची छाननी व्हायला हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. सॅमसंगविरुद्ध सुमारे ५०,००० ग्राहकांचे दावे दाखल झाले होते. कंपनीशी लवादाचा करार असल्याचा पुरावा अर्जदारांनी दिला नाही, म्हणून सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने २०२४ मध्ये, कंपनीने लवादाला सामोरे जावे हा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला, आणि ते योग्यच झाले.

पण शुल्काचा हा बोजा मुळात आला कुठून? न्यायालयात जायचे नाही, इतरांसोबत मिळून दावा करायचा नाही, प्रत्येकाने एकेकट्याने लवादासमोर यायचे, हे कलम कंपन्यांनीच लिहिले आणि ते मान्य केल्याशिवाय काम किंवा सेवा मिळणार नाही अशी व्यवस्था केली. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या २०११ च्या प्रकरणात एका दांपत्याची तक्रार ‘मोफत’ फोनवर आकारलेल्या ३०.२२ डॉलर कराबद्दल होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे कलम वैध ठरवले. तीस डॉलरसाठी एकटा माणूस वकील कुठून आणणार? कोणी येणारच नाही, या हिशेबावरच त्या कलमाची सारी मदार होती.

डोअरडॅशच्या प्रकरणात हा हिशेब चुकला. घरोघरी खाद्यपदार्थ पोचवणारे हजारो कामगार, आपल्याला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार ठरवले जाते ही तक्रार घेऊन, करारात लिहिल्याप्रमाणे एकेकटे लवाद संस्थेकडे गेले. कंपनीच्या वाट्याचे शुल्क दर दाव्यामागे १,९०० डॉलर होते. ते तिने भरले नाही, तेव्हा संस्थेने प्रकरणे बंद केली. त्यानंतर, जो सामूहिक दावा (सर्वांच्या वतीने न्यायालयात चालणारा एकच दावा) कंपनीने करारात वर्ज्य केला होता, त्याच मार्गाने सगळे एकत्र मिटवण्याची धडपड तिने सुरू केली. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ५,०१० जणांच्या बाबतीत लवादाला सामोरे जाण्याचा आदेश दिला. अर्जदार त्याहून अधिक होते, पण उरलेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. या ५,०१० दाव्यांच्या शुल्काची सुमारे ९५ लाख डॉलरची रक्कम कंपनीने स्वतः दिलेल्या शब्दाची किंमत होती. तिला खंडणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दावे गटागटाने चालवावेत, ही आपली सूचना तत्त्वतः चांगली आहे, परंतु नियम कोण लिहितो यावर सारे अवलंबून आहे. कार्यक्रमांची तिकिटे विकणाऱ्या लाइव्ह नेशन या कंपनीच्या ग्राहकांवर लादलेल्या नियमांनुसार मोजक्या प्रकरणांतील निर्णय इतरांवरही बंधनकारक होऊ शकत होते, आणि त्या इतरांना आपली बाजू मांडण्याची संधीच नव्हती. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये ते नियम अन्यायकारक ठरवले. शिवाय ज्या कंपनीला हा बोजा खरोखरच नको आहे, तिला कलम काढून टाकण्याची मुभा आहेच. सुमारे ७५,००० दावे अंगावर आल्यावर ॲमेझॉनने २०२१ मध्ये ग्राहकांच्या करारातून ते काढले, आणि ग्राहकांना न्यायालयाचे दार पुन्हा खुले झाले.