प्लॉट बघायला मे महिन्यात जाऊ नका

आमच्या हौदाचं झाकण जमिनीच्या बरोबरीला होतं. अंगणात काही वर आलेलं नको, मुलं ठेचकाळतील, म्हणून गवंड्याला मीच तसं सांगितलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या सोलापूर शहरात ज्या रात्री धो धो पाऊस झाला, त्या रात्री मागच्या ओढ्याचं पाणी अंगणात शिरलं आणि सगळ्यात आधी त्या हौदात उतरलं. घरात नंतर आलं. पहाटे झाकण उचललं तर आत काळं पाणी, वर काटक्या, गुटख्याच्या पुड्या आणि ड्रेनेजचा वास. आदल्याच दिवशी नळ येऊन गेला होता, हौद काठोकाठ भरलेला. पुढचा नळ चार दिवसांनी. सोलापूरकरांना याहून जास्त सांगायला नको. घरात गुडघाभर पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

घर घेताना आपण काय विचारतो? नळ किती दिवसांआड येतो, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, टँकर गल्लीत वळतो का. पाऊस पडल्यावर इथलं पाणी कुठून जातं, हे कुणी विचारत नाही. दुष्काळी जिल्ह्यात वाढल्यामुळे पाणी नसण्याचीच धास्ती आपल्या अंगात मुरली आहे. आम्ही 2009 च्या मे महिन्यात प्लॉट बघितला. हद्दवाढ भाग, म्हणजे महापालिकेत नंतर सामील झालेला, मागे बाभळी, खाली कोरडी घळ. दाखवणारा म्हणाला, "काय नाही ओ ताई, जुनी पांदण हाय ती." पांदण म्हणजे शेतात जायची वाट. ती पांदण नव्हती. मोजणीच्या नकाशावर तिथं ओढा आहे, ठळक. तो नकाशा मी सोळा वर्षांनी पहिल्यांदा उघडून बघितला. आमचा ओढा पुढे आदिला नाल्याला मिळतो. हिप्परग्याचा एकरुख तलाव याच आदिलेवर बांधलेला आहे, आणि तिचं पाणी शेवटी सीनेला जातं. म्हणजे आम्ही राहतो ती एका वाहत्या पाण्याची काठाची जागा आहे, आणि आम्ही तिला 'नगर' म्हणतो.

त्याच महिन्यात पुढे सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, आणि सगळ्यांच्या तोंडी 'पूररेषा' हा शब्द आला. तो नीट समजून घ्या, अवघड नाही. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. राज्यात 2020 पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत काठापासून निळ्या रेषेपर्यंत घर बांधायला बंदी आहे. बाग, मैदान, उघडं पार्किंग असले मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला म्हणजे आता शंभर वर्षं सुट्टी, असा मात्र नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच.

पण पूररेषा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भीमा आणि सीना येते. घरामागचा ओढा येत नाही. आणि शहरातल्या घरांत शिरतं ते बहुतेक वेळा या ओढ्यानाल्यांचंच पाणी.

आता आमची चूक. मंजूर नकाशात आमच्या घराच्या बाजूला मोकळी साईड मार्जिन आहे. तिथं मी शहाबादी फरशी घालून घेतली, उतार शेजारच्या अक्कांच्या भिंतीकडे दिला. दारासमोरच्या गटारीवर गाडी चढवायला काँक्रीटचा रॅम्प टाकला, खाली फक्त चार इंची पाईप ठेवला. गल्लीत प्रत्येकाने असाच रॅम्प टाकलाय, कुणाचा तीन इंची, कुणाचा नुसता भराव. त्या रात्री गटार रॅम्पपाशी तुंबली आणि पाणी उलटं फिरलं. सकाळी अक्का दारात आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या फरशीचं सगळं पाणी आमच्या गादीवर आलंय की ओ ताई." मला मान वर करवली नाही.

त्यामुळे नालेसफाई झाली नाही म्हणून महापालिकेच्या नावाने ओरडताना माझा आवाज आता अर्धा होतो. ओरडायचं सोडणार नाही. मे महिन्यात नाल्यातला गाळ काढून काठावरच ठेवला तर जूनमध्ये तो परत नाल्यातच जातो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि गुंठेवारीबद्दलही, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांबद्दलही, स्पष्ट बोलते. आयुष्यभराची कमाई घातलेल्या गरिबाचं घर नियमित व्हावं, या मताची मी आहे. पण ओढ्याच्या पात्रातला तुकडा शुल्क भरून नियमित झाला तर कागद बदलतो, पाण्याची वाट बदलत नाही. त्या माणसाला दुसरी जागा द्या. तिथंच ठेवून हातात दाखला देणं ही दया नाही.

आम्ही केलं ते सांगते. हौदाचं तोंड दीड फूट वर उचललं, गच्च बसणारं झाकण केलं. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण उलटं आत न येऊ देणारी झडप, बसवला, कारण त्या रात्री पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर आलं होतं. मोटारीचं स्टार्टर आणि खालचे प्लगपॉइंट कमरेच्या वर घेतले. कपाटाच्या तळातली खरेदीखताची फाईल माळ्यावर गेली.

विम्याचंही बघा. गृहकर्जाबरोबर उतरवलेला विमा घराचा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. कागद वाचले तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा निघाला. घराला एक रुपयाचं संरक्षण नव्हतं. 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी एप्रिल 2021 पासून सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. आपली पॉलिसी आज काढून वाचा.

साईड मार्जिनची फरशी निम्मी उखडली आहे, तिथं आता मुरूम आणि कर्दळ. उतार रस्त्याकडे फिरवला. रॅम्प राहिलाय. येत्या रविवारी सकाळी आठला तो फोडून त्या जागी उचलता येणारी लोखंडी जाळी बसवतोय. ब्रेकर एका दिवसाच्या भाड्याने आणलाय आणि आमचं काम दहापर्यंत उरकेल. गल्लीतल्या कुणाला आपला रॅम्प फोडायचा असेल तर उरलेला दिवस मशीन मोकळंच आहे. अक्कांनी त्यांचा नंबर आधीच लावलाय.