बिल्डरने लावलेली झाडं ३ वर्षांनी मोजा

परवा रविवारी सोसायटीतली मेलेली झाडं काढायला आम्ही सातआठ जण जमलो होतो. एक बकुळीचं रोप मी धरून ओढलं तर ते अख्खं हातात आलं, आणि मुळांना नर्सरीची काळी पिशवी तशीच!! पझेशनला २ वर्षं झालीत. म्हणजे २ वर्षं ते बिचारं त्या पिशवीत होतं, मुळं आतल्या आत फिरून फिरून दोऱ्याच्या गुंडीसारखी झालेली. माळीकाका म्हणाले, "ताई, पिशवी फाडली की माती सुटते, वेळ जातो, कंप्लीशनच्या आधी दोन दिवसांत सगळी लावून द्यायची होती." कंप्लीशन म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. रडूच आलं मला.

मग त्याच जागी टिकाव मारला तर वीतभर लाल माती आणि त्याखाली नुसता राडारोडा, टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे, बाइंडिंग वायर. कुठलं झाड जगणार होतं यात?

त्या रात्री बसून आमच्या प्रोजेक्टचं पर्यावरण मंजुरीचं पत्र वाचलं. २० हजार चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर ही मंजुरी लागते आणि पत्र केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, जरूर बघा. त्यात स्वच्छ लिहिलंय की दर ८० चौरस मीटर जागेमागे १ झाड लावायचं आणि सांभाळायचं, देशी जातींची लावायची, आणि पाया खणायच्या आधी वरची २० सेंटिमीटर माती काढून बाजूला साठवायची आणि नंतर तीच बागेला वापरायची. ही मातीची अट वाचून मी थांबलेच. आमच्या जागेवर आधी ऊसाचं शेत होतं हो, काळीभोर माती होती! ती गेली डंपरमधून, आणि बदल्यात आम्हाला काय मिळालं तर राडारोड्यावर पसरलेली वीतभर लाल माती.

आमचा प्लॉट साधारण ४ एकर, म्हणजे हिशोबाने दोनशेच्या वर झाडं. कंप्लीशनच्या दिवशी तेवढी रोपं होतीही, फोटो आहेत. आज मोजली तर जिवंत ७१, आणि त्यातले निम्मे फॉक्सटेल पाम, ज्यांची सावली स्कूटरवर पण पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की चूक मोजण्याच्या दिवसात आहे. रोप लावलं त्या दिवशी सगळीच रोपं हिरवी असतात, त्या दिवशी मोजून काय कळणार? राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, त्यात तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची आणि ७ वर्षं जगवायची असं बंधन आलं. मग बिल्डिंगसोबत लावलेल्या झाडांनाच एक दिवसाचं आयुष्य का? रेरामध्ये, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात, बांधकामातल्या दोषाला पझेशनपासून ५ वर्षं बिल्डर जबाबदार असतो, भिंतीला ओल आली तर आपण लगेच मेल टाकतो, तसंच मेलेलं झाडही त्याच यादीत यायला हवं. ३ पावसाळे झाल्यावर उद्यान विभागाने परत येऊन मोजावं आणि तोपर्यंत बिल्डरचं काही डिपॉझिट अडकवून ठेवावं, मग बघा पिशव्या कशा निघतात ते.

आणि पोडियमचं, म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेल्या बागेचं पण बोलायलाच हवं. १ एकरच्या आसपास, म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा मोठा प्लॉट असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते आपल्याकडे. ब्रोशरमधली हिरवळ मात्र बहुतेक पार्किंगच्या स्लॅबवरची असते. दीड फूट मातीत जांभूळ, करंज, अर्जुन कुठून उभे राहणार, तिथे लॉनच येतं, आणि ते लॉन मार्चपासून टँकरच्या पाण्यावर जगतं. २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही मुंबईच्या एका केसमध्ये किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी असं सांगितलं होतं. मुलांना खरी जमीन लागते, आणि पावसाचं पाणी पण तिथेच मुरतं.

आम्ही सध्या मागच्या भिंतीलगत ३ बाय ३ फुटांचे, ३ फूट खोल खड्डे घेतोय, राडारोडा पूर्ण उपसून, माती आणि शेणखत घालून. बहावा, ताम्हण, कांचन, कडुनिंब अशी १२ रोपं आलीत. मेंबर्सकडून वर्गणी काढली, जी खरं तर काढायला लागायला नको होती. पहिल्या ताम्हणाला काल नवी पालवी दिसली, तांबूस, नखाएवढी, माझी लेक सकाळी स्कूलबसच्या आधी जाऊन बघून येते.

कुणाचं पझेशन या वर्षी असेल तर फ्लॅटच्या पाहणीला जाताना सोबत एक खुरपं न्या आणि कुठल्याही दोन झाडांच्या बुडाशी वीतभर उकरून बघा. काय निघालं त्याचा फोटो काढून कंप्लेंटच्या यादीत टाका, सही करायच्या आधी.