‘नुसती गाडी धुण्याचे २,१५० रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय: दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, नुसती आरसी (रिमोटवर पळणारी) गाडी धुण्याचे २,१५० रुपये घेतले आणि आठवड्यात गाडी परत थांबायला लागली. ‘लहान पोरांच्या खेळण्यावर लुटतात’ असंही शेवटी आहे. सोबत फोटो आहे.

नऊ दिवस लागले ही आमची चूक. पार्ट अडकलाय हे फोन करून सांगायला पाहिजे होतं. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः दुकानात आलात तेव्हा तुम्हाला कळलं, हे बरोबर झालं नाही. माफ करा.

पण ‘नुसती धुतली’ हे काही पटलं नाही. गाडी आमच्याकडे आली तेव्हा धुतलेलीच होती. टू-व्हीलर धुतात त्या प्रेशरच्या पाण्यानं धुतली होती, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं होतं. डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते ईएससी (मोटरचा करंट कमी-जास्त करणारं सर्किट), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) आणि सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) यांच्यापुरतं. बेरिंगांना ते लागू नाही. ५×११×४ मिलिमीटरच्या (एमआर ११५) बेरिंगचं रबर सील धूळ थोपवतं, थोडा पावसाचा शिडकावाही थोपवतं, पण प्रेशरचा फवारा जवळून मारला की सील आत दबतं आणि पाणी ग्रीसमध्ये जातं. त्यानंतर घरी तुम्ही गंज सोडवायचा स्प्रे मारला (वास येत होता, म्हणून विचारलं होतं). तो स्प्रे अडकलेला नटबोल्ट सोडवायला चांगला. बेरिंगमध्ये मारला तर उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो, दोन दिवसांत उडून जातो आणि बेरिंग कोरडी पडते. १४ पैकी ९ बेरिंगा बोटावर फिरवल्या की करकर वाजत होत्या. त्या तुम्हाला काउंटरवर हातात दिल्या होत्या, आठवत असेल.

आता पैशाचं. बिल तुमच्याकडे आहे, तरी इथं वाचणाऱ्यांसाठी लिहितो. ९ बेरिंगा, ७० रुपयांप्रमाणे ६३०. चार शॉक ॲब्सॉर्बरचं तेल आणि ओ-रिंगा २६०. डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) तेल आणि गॅस्केट १६०. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सची सफाई २००. पूर्ण गाडी खोलून परत बांधायची मजुरी ९००. ‘धुणे’ अशी ओळ बिलात कुठंच नाही.

त्या ९०० मध्ये काय येतं तेही सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त ब्रश मारलेला दिसतो. चिखल ओला असताना आम्ही हात लावत नाही. आपल्याकडची काळी माती ओली पुसली की आणखी आत सरकते, पूर्ण वाळली की ब्रशनं पापुद्र्यासारखी सुटते. मग ब्लोअर, मग टूथब्रश, आणि जिथं तेलकट आहे तिथंच आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोटरला जास्त वेळ जातो. नदीकाठच्या वाळूत काळे कण असतात, आपला सगळा दगड बेसाल्टचा, त्यातलं ते लोहखनिज. मोटरच्या मॅग्नेटला ते मिशीसारखे चिकटतात आणि ब्लोअरनं निघत नाहीत. चिकटपट्टी आणि लाकडी काडीनं एकेक काढावे लागतात. त्यानंतर मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशला (दांडा ज्यात फिरतो ती कडी) तेलाचा एकेक थेंब. दुसरा थेंब सोडला तर तो कॉम्युटेटरवर (मोटरच्या आतला, करंट घेणारा तांब्याचा फिरता भाग) उतरतो, कार्बनच्या भुकटीत मिसळतो आणि काळा लगदा होतो. मग मोटरमधले कार्बनचे ब्रश नीट टेकत नाहीत.

शॉकमध्ये तेल भरून लगेच झाकण लावता येत नाही. पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, दहा मिनिटं उभं ठेवायचं, बुडबुडे वर आले की टोपण. असे चार. डिफरन्शियल काठोकाठ भरायचं नाही, गिअर जेमतेम बुडतील एवढंच. तेल गरम होऊन फुगलं की जादा भरलेलं सीलमधून बाहेर येतं. प्लास्टिकमध्ये जाणारा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात ‘टक्’ बसल्यावरच आवळायचा, नाहीतर नवा आटा पडून भोक सैल होतं. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू असेल तिथं, प्लास्टिकला लागलं तर ते तडकतं. घाईत हे होत नाही दादा.

मग नऊ दिवस का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार-पंपाच्या बेरिंगा लगेच मिळतात, पण या एमआर ११५ मला तिथं मिळाल्या नाहीत, बाहेरून मागवाव्या लागल्या. त्या आल्या पाचव्या दिवशी, आणि त्यात दोन चुकीच्या मापाच्या निघाल्या. त्या बदलून येईपर्यंत गाडी टेबलावर होती. टायरमधल्या फोमनं पाणी धरलं होतं ते निराळंच. रिमला चिकटवलेला टायर, त्यात पाणी राहिलं तर वेगात चाक डुगडुगतं. भोकं पाडून, फिरवून पाणी काढलं, पण पावसाळ्यातल्या या हवेत फोम वाळायला दोन दिवस गेले. साठा जास्त ठेवायला हवा होता, हे मान्य.

आता परत बंद पडण्याचं. तुम्हीच लिहिलंय की गाडी चार-पाच मिनिटं पळते, थांबते आणि थोड्या वेळानं आपोआप चालू होते. थांबते तेव्हा स्टिअरिंग वळतं का, एवढं बघा. वळत असेल तर रिसीव्हरला वीज पोचतेय, आणि ईएससी तापून (किंवा बॅटरी उतरली म्हणून) मोटरचा करंट तोडतोय. स्टिअरिंगही मेलं तर मात्र बॅटरी, कनेक्टर किंवा ईएससीच बघायला लागेल. तुमच्या वर्णनावरून मला ईएससी तापल्याचंच वाटतंय, आणि त्याचं कारण बिलावर आधीच लिहिलंय: ‘पिनियन २३ दातांचं, गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून तसंच ठेवलं.’ पिनियन म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, स्पर म्हणजे तो फिरवतो तो मोठा गिअर, ८६ दातांचा. मूळ १९ च्या पिनियनला मोटर साडेचार फेरे फिरते तेव्हा स्पर एकदा फिरतो. २३ ला ३.७ फेऱ्यांतच. डांबरी रस्त्यावर वेग वाढतो, खरंय. गवतात आणि चिखलात तेवढीच मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. १९ चं परत बसवतो म्हटलं तर ‘स्पीड जाईल, राहू दे’ म्हणालात. तिथं मी जरा जोर लावायला हवा होता.

आणि तुमचाच फोटो मोठा करून बघा. मागच्या एक्सलवर गवत गुंडाळलंय, मोटरखाली ओला चिखल भरलाय, मागं तलावाचं पाणी दिसतंय. कळंबा असावा. आम्ही दिलेली गाडी अशी नव्हती. मोटरच्या बाजूला चिखल बसला की हवा लागत नाही. एक्सलवरचं गवत बेरिंगच्या सीलखाली शिरतं आणि चाक जड फिरतं. म्हणजे पिनियन मोठं, चाक जड, मोटर झाकलेली. पळवल्यावर मोटरवर बोट तीन सेकंद टेकवता आलं नाही तर थांबायचं, एवढं साधं आहे. हे आम्ही बिलाच्या मागं छापलंय. अक्षरं बारीक आहेत, तेही खरं.

खेळणं म्हणालात त्याचा राग नाही, आहेच ते खेळणं. पण ‘लुटतात’ हा शब्द वाचून परवा एकानं फोनवर आधी दर विचारला, मग ‘रिव्ह्यू बघितला’ म्हणून ठेवून दिला. याच टेबलावर घर चालतं.

इथून पुढं उशीर होणार असेल तर कळवत जाऊ, सूचनाही मोठ्या अक्षरात करू, बेरिंगांचंही काहीतरी बघतो. तुम्ही गाडी घेऊन या. धुऊन आणू नका, चिखलासकटच आणा. १९ चं पिनियन काढून ठेवलंय. ते बसवून, स्पर आणि पिनियनच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधली फट) लावून देतो आणि दहा मिनिटं तुमच्यासमोर पळवून तापमान दाखवतो. मजुरी नाही, पिनियनचे पैसे तेवढे होतील. लायपो बॅटरी पूर्ण चार्ज करून घरी ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा आणि येताना सोबत घ्या, तीही बघतो.

सोमवारी दुकान बंद असतं.