आम्ही आपले मध्यमवर्गीय

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाला कोणी श्रीमंत म्हटले, तर तो अंगावर पाल पडल्यासारखा दचकतो आणि "छे हो, आम्ही आपले मध्यमवर्गीय" असे घाईघाईने सांगून मोकळा होतो. शिकागोच्या उपनगरातले चार बेडरूमचे घर, दारातल्या दोन मोटारी आणि डिसेंबरातली भारतवारी यांपैकी कशानेही आमच्या या श्रद्धेला आजवर तडा गेला नव्हता. तो जावा, अशी सोय येथील सरकारने मुलाच्या बारावीच्या वर्षी करून ठेवलेली आहे. तिचे नाव फॅफ्सा. कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत मागण्याचा हा अर्ज एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो (२०२३ साली तो इतका सोपा करण्यात आला की खुला व्हायला डिसेंबरची अखेर उजाडली), तो भरायला पैसे पडत नाहीत, आणि तो भरणाऱ्याच्या उत्पन्नाला कमाल मर्यादा नाही. ज्याच्या मालकीचे विमान आहे, त्यालाही तो भरता येतो. भरावा का, हा प्रश्न निराळा, आणि आमच्या घरी तो गणपतीत निघाला तो दिवाळीपर्यंत मिटला नाही.

"आपल्याला एक पैसा मिळणार नाही, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या रांगेत आपण उभं राहणं बरं दिसत नाही," असे पत्नीचे मत होते. मत सुसंस्कृत होते, परंतु येथे रांगच नाही. गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान, ज्याची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे, सूत्राने ठरते. मी अर्ज केल्याने कोणाच्या ताटातली पोळी कमी होत नाही आणि माझ्या ताटात ती पडतही नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात चकलीच्या टेबलाशी एका डॉक्टर स्नेह्यांनी मला बाजूला घेतले आणि मदत मागणाऱ्यांची नावे कॉलेजे आधीच गाळतात, असे खाजगी आवाजात सांगितले. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. काही खाजगी कॉलेजे प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत पाहतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी पाहत नाहीत. आणि आमचा मुलगा ज्या सरकारी विद्यापीठाकडे डोळे लावून बसला होता, तेथे या भीतीचे कारण नव्हते.

मला पटले ते दुसऱ्या एका मित्राचे म्हणणे, ज्याची नोकरी त्याच उन्हाळ्यात गेली होती. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहतो, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चे. मधल्या काळात तुमच्यावर आकाश कोसळले तर कॉलेजच्या मदत कार्यालयाकडे फेरविचाराची विनंती करता येते, पण मुळात अर्जच भरलेला नसेल तर कार्यालयाने फेरविचार तरी कशाचा करावा? शिवाय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर, आईबापांची हमी न घेता आणि त्यांची मिळकत न पाहता मिळणारे सरकारी कर्ज, पहिल्या वर्षी ५,५०० आणि चार वर्षांत मिळून २७,००० डॉलरपर्यंत, हेही फॅफ्सावाचून मिळत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे खरे. परंतु चिरंजीवांच्या डोक्यावर थोडे ओझे असले तर सकाळच्या तासाला ते वेळेवर उठतील, अशी मला आशा आहे. राहिलेली शंका इलिनॉय राज्याने दूर केली. येथे २०२०-२१ पासून शाळेतून उत्तीर्ण होण्यासाठी फॅफ्सा भरावा लागतो, आणि भरायचा नसेल तर तो भरणार नसल्याचा वेगळा फॉर्म सही करून द्यावा लागतो. फॉर्म न भरण्यासाठी फॉर्म भरणे मला जमले नसते.

उत्पन्नाचा आकडा आयकर खात्याकडून परस्पर येतो, त्यामुळे तेथे विनयाला वाव नव्हता. राहते घर विचारत नाहीत, निवृत्तीची खाती विचारत नाहीत, अंगावरचे दागिने विचारत नाहीत. सोने म्हणजे गुंतवणूक असे लग्नापासून मला ऐकवणाऱ्या पत्नीने त्या रात्री ते निव्वळ हौसेचे असल्याचे मान्य केले. मात्र त्यापुढे इतर स्थावर मालमत्ता आणि शेती यांची आजच्या तारखेची किंमत विचारली होती, आणि कराडजवळच्या आमच्या वडिलोपार्जित पाऊण एकरात माझा अकरावा हिस्सा आहे. मी भावाला फोन लावला.

"दादा, आपल्या रानाला आज काय भाव चाललाय?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दादाने विचारले, "का रे? वाटणी पाहिजे का तुला?"

"नाही दादा. इथल्या सरकारला सांगायचंय."

"अमेरिकेच्या सरकारला आपलं रान कशाला पाहिजे?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला आणि "भाऊजी, मनात काही असेल तर मोकळेपणानं बोला, आम्ही काही परके नाही," असे अशा सुरात म्हणाल्या की परकेपणाला तेव्हाच सुरुवात झाली. त्या रात्री पुण्याच्या चुलतभावाने बांधावरच्या आंब्याचे काय ठरले, असा निरोप पाठवला, आणि वीस वर्षांत ज्यांचा आवाज ऐकला नव्हता त्या इचलकरंजीच्या आत्यांनी माझी तब्येत विचारली. दादाने अखेर जो भाव सांगितला, त्या भावात आमच्या गावात म्हैससुद्धा येणार नाही. म्हणून मी रेडी रेकनरचा दर आणि शेजारच्या गटाची विक्री पाहिली, अकराने भागले, डॉलर केले आणि आकडा भरला. आईवडिलांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशेबात धरतात. म्हणजे ज्या रानापायी भावकी पेटली, त्याची माझ्या ऐपतीत पडलेली भर एका आठवड्याच्या किराण्याएवढी होती.

या हिशेबातून विद्यार्थी मदत निर्देशांक नावाचा, म्हणजे घराची ऐपत सांगणारा, एक आकडा निघतो. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. आमचा पाच आकडी आला, आणि विद्यापीठाच्या वर्षाच्या एकूण खर्चाहून मोठा. दोन वर्षांनी मुलगीही कॉलेजात जाईल तेव्हा तो निम्मा होईल, ही आशाही व्यर्थ, कारण एकाच वेळी शिकणाऱ्या भावंडांना मिळणारी ती सवलत २०२४-२५ पासून बंद झाली आहे. मुलाने पडद्याकडे पाहून विचारले, "बाबा, म्हणजे आपण रिच आहोत?" मी "छे रे, आपण आपले..." म्हणून सुरुवात केली, पण तो आकडा समोर असताना वाक्य पुरे होईना.

खाजगी कॉलेजांपैकी अनेकांना एवढ्याने भागत नाही. त्यांना कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा आणखी एक अर्जही लागतो, त्याला पहिल्या कॉलेजचे २५ आणि पुढच्या प्रत्येकाचे १६ डॉलर पडतात, आणि राहते घरही त्यातून सुटत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने २,००,००० डॉलरपर्यंत, तर प्रिन्स्टनने बहुतेक घरांना २,५०,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर शिकवणी शुल्क माफ केल्यापासून या रेषांच्या आगेमागे असलेल्यांनी मदतीचा अर्ज अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही रेषेच्या वरचे. तरीही मी मुलाच्या यादीतल्या एका खाजगी कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या खर्चाच्या गणकयंत्रात, जे सरकारी मदत योजनांत असलेल्या कॉलेजांना कायद्याने ठेवावेच लागते, आमचे आकडे घालून पाहिले. मदतीच्या रकान्यात शून्य आले. मग मी, केवळ खात्री म्हणून, प्रोफाइलसाठी क्रेडिट कार्ड काढले.

"आपण श्रीमंत आहोत हे पंचवीस डॉलर देऊन कशाला ऐकायचं?" पत्नी म्हणाली. "सरकारनं फुकटात सांगितलंय ना?"

मी कार्ड पाकिटात ठेवले.